लघुपटांनाही समीक्षक हवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या चित्रपटविषयक पानाचा मी जुना वाचक आहे. चित्रपटगृहांत लागलेल्या चित्रपटांची परीक्षणे आपण दर आठवड्याला छापता, गेल्या काही वर्षांपासून घरबसल्या पाहायच्या मालिकांचीही छापू लागला आहात, आणि एखाद्या सुमार मालिकेच्या तिसऱ्या पर्वावर अर्धे पान खर्ची पडलेलेही मी पाहिले आहे. मात्र स्वतंत्र दिग्दर्शक पदरमोड करून जे लघुपट आणि स्टॉप-मोशन चित्रफिती (बाहुली किंवा वस्तू किंचित हलवत एकेक चित्र टिपून केलेल्या) बनवतात व इंटरनेटवर ठेवतात, त्यांच्याविषयी या पानावर एक ओळही येत नाही. क्वचित एखाद्याचे नाव आलेच तर ते ‘व्हायरल’ या शब्दाला जोडून येते. चित्रफीत किती लाख लोकांनी पाहिली हे त्या बातमीत असते, ती कशी आहे हे नसते. माझी तक्रार एवढीच आहे.

मी व्यवसायाने संकलक आहे. पोटापाण्यासाठी जाहिराती आणि माहितीपट जुळवतो, आणि उरलेल्या वेळात ओळखीच्या नवोदित दिग्दर्शकांचे लघुपट, बहुधा विनामोबदला, संकलित करून देतो. त्यामुळे या बाबतीत मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. या मंडळींचे कौतुक छापा असे मात्र माझे म्हणणे नाही. त्यांच्या कामाचे परीक्षण छापा, आणि काम वाईट असेल तर तसे स्पष्ट लिहा, असे आहे.

हे काम कसे चालते ते ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी एक दिवस सांगतो. मागच्या वर्षी एका दिग्दर्शिकेच्या खोलीवर मी सकाळपासून रात्रीपर्यंत बसून होतो. खिडकीवर दुहेरी चादर ठोकलेली होती, कारण उन्हाची तिरीप सरकली की बाहुलीची सावली सरकते आणि पडद्यावर ती थरथरताना दिसते. टेबलाचे पाय चिकटपट्टीने जमिनीशी जखडलेले, ट्रायपॉडच्या तिन्ही पायांवर वाळूच्या पिशव्या. टेबलावर वीतभर उंचीचा एक म्हातारा उभा होता. त्याच्या आत ॲल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा, त्यावर प्लॅस्टिसिन ही न वाळणारी माती, आणि तळपायांत बारीक नट बसवलेले, म्हणजे टेबलाखालून स्क्रू पिळला की एका पायावर उभा असतानाही म्हातारा कलंडत नाही. प्रसंग अगदी साधा : कोटाचे बटण तुटून खाली पडते आणि म्हातारा ते उचलायला वाकतो.

पडद्यावर हे सहा सेकंदांचे काम. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, सरकतात. स्टॉप-मोशन करणारे पुष्कळ जण बाहुलीची एक स्थिती दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे काढतात. सहा सेकंदांची झाली ७२. दर चित्राआधी म्हाताऱ्याची कंबर केसभर वाकवायची, मान त्याहून किंचित जास्त, कारण माणूस वाकतो तेव्हा आधी नजर जाते, मग मान आणि त्यामागून पाठ. खांद्यावरची माती ताणून चिरली असेल तर ती बोटाने लिंपायची, हात मागे घ्यायचा, आणि कॅमेऱ्याला स्पर्श न करता संगणकावरून चित्र टिपायचे. संगणकाच्या पडद्यावर आधीचे चित्र फिकट दिसत राहते आणि त्यावरून बाहुली नेमकी किती सरकली ते समजते. या सोयीला ‘अनियन स्किन’ म्हणतात. कांद्याचा पापुद्रा धरून पलीकडचे पाहावे, तसे ते दिसते.

एकेचाळिसाव्या चित्राच्या वेळी तिचे कोपर टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या दिव्याच्या खांबाला लागले. म्हातारा जागचा हलला नव्हता, खांब मात्र दोनएक मिलिमीटर सरकला. तासभर तिने तो मूळ जागी बसवून पाहिला, फिकट चित्राशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिला, आणि अखेर आधीची चाळीसही चित्रे पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. दोन मिलिमीटर कोणाला दिसणार आहेत, असे मी विचारले. ती म्हणाली, ‘दिसणार नाहीतच. पण खांब दचकल्यासारखा वाटेल, आणि बघणारा म्हाताऱ्याला सोडून खांबाकडे बघेल.’ रात्री साडेनऊला सहा सेकंद पूर्ण झाले.

डिजिटल कॅमेऱ्याची एक वेगळीच कटकट त्या दिवशी मला नव्याने कळली. दर चित्राला लेन्समधले छिद्र मिटते आणि उघडते, पण प्रत्येक वेळी ते तंतोतंत तेवढेच मिटत नाही. डोळ्यांना कळणार नाही इतका फरक पडतो. चित्रे एकामागोमाग एक लावली की तोच फरक उजेडाच्या लुकलुकण्यातून उघडा पडतो. त्यामुळे छिद्र हाताने फिरवून बसवायच्या जुन्या लेन्स ही मंडळी हुडकून आणतात. नवा कॅमेरा आणि त्याला आजोबांच्या वयाची लेन्स, असे दृश्य या खोल्यांमधून सर्रास दिसते.

एकेक चित्र टिपून हालचाल उभी करण्याची ही कला चित्रपटाच्या बरोबरीनेच वाढली. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांना चित्रपटासाठी भांडवल हवे होते, तेव्हा त्यांनी वाटाणा पेरला, तो रुजून वर येईपर्यंत ठरावीक अवधीने त्याची चित्रे टिपली, आणि ती छोटीशी फीत दाखवून कर्ज उभे केले. पुढे काड्यापेटीतल्या काड्यांना पडद्यावर खेळवणारा लघुपटही त्यांनी केला. त्याच सुमारास मॉस्कोत स्तारेविच हे मेलेल्या किड्यांना तारेचे पाय मेणाने चिकटवून त्यांच्याकडून नाटके करवून घेत होते. या माणसांना आज आपण प्रवर्तक म्हणतो. त्यांच्या काळी ती खोलीत एकट्याने खटपट करणारी, हातात पैसा नसलेली माणसे होती. आज इंटरनेटवर लघुपट ठेवणाऱ्या कोणाहीसारखीच.

मधल्या काळात हे काम बहुतांशी संस्थांच्या आधाराने झाले. नॉर्मन मॅकलरेन यांनी १९५२ साली बाहुल्यांऐवजी हाडामांसाची माणसेच फ्रेमगणिक हलवून ‘नेबर्स’ हा आठ मिनिटांचा लघुपट केला आणि त्याला ऑस्कर मिळाले, पण त्यांच्या पाठीशी कॅनडाचे सरकारी चित्रपट मंडळ होते. निक पार्क यांनी ‘अ ग्रँड डे आउट’ हा सुमारे तेवीस मिनिटांचा मातीच्या बाहुल्यांचा पट १९८२ साली चित्रपट प्रशिक्षण संस्थेत विद्यार्थी असताना सुरू केला आणि तो १९८९ साली पुरा झाला. मध्येच आर्डमन स्टुडिओने त्यांना कामावर घेतले म्हणून तो पुरा झाला. ज्यांना असा आधार मिळाला नाही, त्यांची रिळे डब्यांत पडून राहिली असणार.

ती अडचण इंटरनेटने दूर केली हे मान्य करायलाच हवे. २००५ साली यूट्यूब सुरू झाले आणि वितरक, चित्रपटगृह, दूरचित्रवाणी यांतल्या कोणाचीही मनधरणी न करता दोन मिनिटांची फीत जगापुढे ठेवता येऊ लागली. डीन फ्लायशर कॅम्प यांनी २०१० साली इंटरनेटवर ठेवलेला ‘मार्सेल द शेल विथ शूज ऑन’ हा लघुपट जेमतेम साडेतीन मिनिटांचा होता : एक डोळा आणि पायांत बूट असलेला इवलासा शिंपला आपल्या दिनक्रमाविषयी बोलतो, बस्स. त्याच शिंपल्यावर पुढे पूर्ण लांबीचा चित्रपट झाला आणि २०२३ सालच्या ऑस्कर सोहळ्यात त्याला ॲनिमेशनपटांच्या गटात नामांकन होते. ‘पेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दिग्दर्शकाचा २०१२ सालचा ‘फ्रेश ग्वाकामोले’ तर एक मिनिट चाळीस सेकंदांचा आहे. त्यात स्वयंपाकाच्या ओट्यावर फळाऐवजी हातबॉम्ब चिरला जातो. ऑस्करचे नामांकन मिळालेला तो सर्वांत छोटा चित्रपट म्हणून नोंदला गेला. लघुपट म्हणजे चित्रपटच नव्हे, तो केवळ सराव, असे मानणाऱ्यांना मी ही दोन नावे सांगतो. ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावलीसह चाळीस मिनिटांपर्यंतचा कोणताही पट लघुपट ठरतो आणि त्यासाठी स्वतंत्र पुरस्कार आहेत. तिथे त्याला चित्रपटाचा धाकटा भाऊ समजत नाहीत.

पण जागा मिळाली तरी त्या जागेचे मोजमाप भलतेच निघाले. २०१२ पासून यूट्यूबने शिफारशी ठरवताना किती जणांनी फीत उघडली यापेक्षा ती किती वेळ पाहिली गेली याला महत्त्व द्यायला सुरुवात केली. फसव्या मथळ्यांना आळा घालायचा म्हणून हा बदल झाला आणि त्यात तथ्यही होते. लघुपटवाल्यांच्या वाट्याला मात्र त्याचा जाच आला. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर चॅनेलला १,००० सदस्य आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तासांचे पाहणे भरावे लागते. हे ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. वर्षभर खपून दोन मिनिटांचा एक स्टॉप-मोशन लघुपट करणाऱ्याला तो आरंभापासून शेवटपर्यंत १,२०,००० वेळा पाहिला जाणे भाग आहे. कॅमेऱ्यासमोर बसून वीस मिनिटे बोलणाऱ्याने वर्षात एकच फीत केली तरी त्याला १२,००० वेळा पुरतात, आणि तो वर्षात एकच फीत करत नाही, आठवड्याला दोन करतो. उभ्या आखूड फितींसाठी वेगळी अट आहे : नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिले जाणे. जी व्यक्ती नव्वद दिवसांत पंधरा सेकंद बनवते तिच्यासाठी ती अट नसल्यासारखीच आहे.

यात कोणी दुष्टावा केला असे मी म्हणत नाही. घड्याळाने मोजायचे ठरवले की जे वेळ खाते ते मोठे ठरणार, हे उघड आहे. पण त्याचे परिणाम माझ्यासमोर संकलनाच्या टेबलावर येतात. लघुपट दोन मिनिटांतच संपत असेल तर तो सहा मिनिटांचा करता येईल का, असे मला विचारले जाते. पहिल्या पाच सेकंदांत काहीतरी घडले पाहिजे म्हणून शेवटचा प्रसंग उचलून आरंभी लावला जातो, आणि मग ज्या शेवटासाठी सगळी बांधणी केली तो शेवट येतो तेव्हा शिळा झालेला असतो. आडव्या चौकटीत रचलेले दृश्य फोनसाठी उभे कापले जाते. दोन पात्रे दोन टोकांना उभी करून त्यांच्यामधली रिकामी जागा ज्याने मुद्दाम राखलेली असते, त्याची तीच जागा पडद्यावर उरते आणि पात्रे बाहेर जातात.

सर्वांत विचित्र प्रकार म्हणजे लघुपट कसा बनवला हे सांगणारी फीत. मूळ पट दोन मिनिटांचा, त्यामागची धडपड दाखवणारी फीत चौदा मिनिटांची, आणि पाहणारे दुसरीलाच अनेक पटींनी जास्त. वेळेच्या हिशेबात ती परवडते म्हणून दिग्दर्शकही आता चित्रीकरण करताना दुसरा कॅमेरा स्वतःवर रोखून ठेवतात. माझ्या ओळखीच्या एकाने तर मला सांगितले की आता लघुपट हा त्या दुसऱ्या फितीसाठी लागणारा कच्चा माल झाला आहे. तो हे हसत म्हणाला; मला मात्र हसू आले नाही.

संगीतावरच्या मालकीहक्काच्या दाव्यांचा जाच वेगळाच. आम्ही केलेल्या एका लघुपटासाठी मित्राने दीडशे वर्षांपूर्वीची, ज्यावर आज कोणाचाही हक्क नाही अशी एक पियानोची रचना स्वतः वाजवून दिली होती. पट इंटरनेटवर चढवल्यापासून तासाभरात एका कंपनीच्या नावाने यांत्रिक दावा आला की हे ध्वनिमुद्रण तिच्या मालकीचे आहे. मित्राच्या खोलीतल्या पंख्याची घरघरही त्या मुद्रणात ऐकू येते, हे आम्ही हरकतीत लिहिले होते. दावा मागे घेतला जायला पाच आठवडे लागले, आणि कोणत्याही फितीकडे लोक जे काही वळतात ते पहिल्या दोन आठवड्यांतच वळतात.

महोत्सवांचा पर्याय सुचवला जातो. तो आहे, पण बहुतेक ठिकाणी प्रवेशशुल्क भरावे लागते, निवडीची हमी नसते, आणि आधी इंटरनेटवर दाखवलेला पट चालणार नाही अशी काही महोत्सवांची अट असते. त्यामुळे वर्षभर लघुपट दडवून ठेवायचा की लोकांना दाखवायचा, अशा पेचात दिग्दर्शक सापडतो.

आता मूळ मुद्दा. या सगळ्या व्यवस्थेत बाकी काही असो वा नसो, वाचता-लिहिता समीक्षक कोठेही नाही. पाहणाऱ्यांचा आकडा हीच समीक्षा होऊन बसली आहे. आणि जिथे आकडा नसतो तिथे एकच वाक्य असते : ‘किती मेहनत घेतली आहे!’ स्टॉप-मोशनखाली तर हे वाक्य ठरलेलेच. ते लिहिणाऱ्यांच्या सद्भावनेबद्दल मला शंका नाही, पण एखाद्या कादंबरीविषयी ‘किती पाने लिहिली आहेत!’ असे कोणी म्हटले तर लेखकाला काय वाटेल याचा विचार करावा. ७२ चित्रे काढली हे मी वर कौतुकाने सांगितले खरे, पण ७२ चित्रे काढूनही म्हातारा वाकला आहे असे न वाटता तारेचे काहीतरी मुडपले आहे असे वाटले असते, तर त्या दिवसाला काही अर्थ नव्हता.

समीक्षक काय पाहील? पहिली गोष्ट म्हणजे वजन. मातीच्या बाहुलीने मातीचीच पेटी उचलली तर दोन्हींचे खरे वजन किरकोळच असते. पेटी जड आहे हे बाहुलीच्या अंगावरून कळले पाहिजे. त्यासाठी उचलण्याआधी पाठ मागे गेली पाहिजे, गुडघे दबले पाहिजेत, आणि पेटी जमिनीवरून सुटल्यावर एखादे चित्र जास्त झुकून मग तोल सावरला पाहिजे. नवखे दिग्दर्शक हालचाल सारख्या अंतराने वाटून टाकतात आणि बाहुली घसरगुंडीवरून आल्यासारखी सरकत राहते. दोन चित्रांमध्ये बाहुली निघताना थोडी, मध्ये जास्त आणि थांबताना पुन्हा थोडी सरकावी लागते. हे प्रेक्षकाला सांगता येत नसले तरी जाणवते, आणि समीक्षकाने ते त्याला सांगायचे असते. एका लघुपटात मी पाहिले की सगळी हालचाल सफाईदार होती आणि तरीही मुलगी निर्जीव वाटत होती. दोन वेळा पाहिल्यावर लक्षात आले की संपूर्ण साडेतीन मिनिटांत तिची पापणी एकदाही लवली नव्हती.

दुसरी गोष्ट ध्वनी, आणि इथे संकलक म्हणून माझा जीव तुटतो. स्टॉप-मोशनमध्ये चित्रीकरणाच्या वेळचा म्हणून कोणताच आवाज नसतो. पाऊल, दाराची कडी, कापडाची सळसळ, सगळे बाहेरून आणून बसवायचे असते. ज्यांना हे उमगते ते ध्वनीतून माती हाडामांसाची करतात. वर सांगितलेल्या हातबॉम्बच्या पटातली अर्धी गंमत चिरण्याच्या नेमक्या आवाजात आहे. शिंपल्याच्या पटात तर सगळा डोलारा त्या बारीक, किंचित घोगऱ्या आवाजावर उभा आहे. पण बहुसंख्य लघुपट आरंभापासून अखेरपर्यंत उदास पियानो पसरून मोकळे होतात. पियानो काढून टाकला तर पटात काय उरते, असा प्रश्न मी दर वेळी विचारतो आणि दर वेळी अप्रिय होतो.

नटांना घेऊन केलेल्या लघुपटांत दोष निराळे. त्यांतला सर्वांत पसरलेला म्हणजे शेवटचा धक्का. बारा मिनिटांपैकी साडेअकरा मिनिटे नायिका रिकाम्या घरात फिरते आणि अखेरच्या अर्ध्या मिनिटात कळते की ती जिवंतच नव्हती. असे मी नुसते संकलित केलेलेच चार पट आहेत. धक्का वाईट नसतो, पण तो कळल्यावर पट दुसऱ्यांदा पाहण्यासारखा राहतो की कोडे सुटल्यावर फेकून देण्यासारखा होतो, हे कोणीतरी लिहायला हवे. दुसरा दोष असा की पुष्कळ लघुपट हे भावी मोठ्या चित्रपटाची जाहिरात म्हणून केलेले असतात. त्यांत लघुपटाला साजेशी एक घटना नसते, मोठ्या कथेचा पहिला अध्याय असतो, आणि तो अर्धवट तुटतो. निर्माता शोधण्यासाठी ते ठीक असेल, पण प्रेक्षकाला अर्धे ताट वाढून उठवल्यासारखे होते.

हे दोष दिग्दर्शकाला कोण सांगतो? मित्र सांगत नाहीत, कारण त्यांनीच पटात कामे केलेली असतात. अनोळखी प्रेक्षक आवडले नाही तर पुढे सरकतो, आणि त्याचे सरकणे आलेखावर एका उतरत्या रेषेने दिसते. पन्नासाव्या सेकंदाला चाळीस टक्के लोक निघून गेले, एवढे ती रेषा सांगते; ते कंटाळून गेले, गोंधळून गेले की त्यांचा फोन वाजला, हे सांगत नाही. मी पाहिले आहे की दिग्दर्शक त्या रेषेला प्रमाण मानून पुढच्या पटात पन्नासाव्या सेकंदाला स्फोट घालतात.

अलीकडे यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. शब्दांत वर्णन लिहून दिले की मातीच्या बाहुल्यांसारखी दिसणारी चित्रफीत संगणक काही मिनिटांत तयार करून देतो; मातीवरचे बोटांचे ठसेसुद्धा त्यात असतात, फक्त ते कोणाच्याच बोटांचे नसतात. अशा फितींवर बंदी घाला असे मी म्हणणार नाही. पण ‘किती मेहनत’ एवढाच निकष हाती असलेल्या प्रेक्षकाची यात पंचाईत झाली आहे. मेहनत झाली की नाही हेच कळेनासे झाले, तर मग चांगले कशाला म्हणायचे? खऱ्या स्टॉप-मोशनमधल्या ठशांची जागा दर चित्राला बदलते, पृष्ठभाग जणू खदखदत असतो, आणि निष्णात दिग्दर्शक त्या खदखदीचा वापर पात्राची अस्वस्थता दाखवण्यासाठी करतो. हा वापर कोठे झाला आणि कोठे नुसता राहून गेला, हे ओळखणे शिकलेल्या डोळ्याचे काम आहे, आणि आपल्या पानावर लिहिणाऱ्या समीक्षकांकडे तसे डोळे आहेत याबद्दल मला शंका नाही.

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे : रोज असंख्य फिती निघतात, त्यांतून निवडायच्या कशा? पण पुस्तकेही ढिगाने निघतात आणि आपण रविवारी त्यांतली चार-पाच निवडताच. निवडणे हा समीक्षेचाच भाग आहे. चुकीची निवड झाली तर मजसारखे वाचक तसे कळवायला आहेतच. दुसरा आक्षेप असा की जे फुकट पाहायला मिळते त्याचे परीक्षण कशाला, कोणाचे पैसे वाचवायचे आहेत? पण परीक्षण तिकिटाचे पैसे वाचवण्यासाठी लिहितात, असे आपल्याच पानावरची जुनी परीक्षणे वाचून तरी वाटत नाही. त्यांतली काही मी चित्रपट पाहून झाल्यावर, आपण काय पाहिले ते समजून घेण्यासाठी वाचली आहेत.

म्हणून विनंती अशी की आठवड्याला एक स्तंभ, हवे तर तीनशे शब्दांचाच, इंटरनेटवर उपलब्ध असलेल्या एका लघुपटाला द्यावा. त्यात दिग्दर्शकाचे, छायाचित्रकाराचे, संकलकाचे आणि ध्वनी करणाऱ्याचे नाव असावे, लांबी मिनिटे-सेकंदांत असावी, वर्ष असावे, आणि पट कोणत्या चॅनेलवर सापडेल ते असावे. किती जणांनी पाहिला हा आकडा कृपया छापू नये. तारेही देऊ नयेत. दोन मिनिटांच्या पटाला साडेतीन तारे हा प्रकार हास्यास्पद दिसेल. लघुपट जुना असला तरी हरकत नसावी, कारण इंटरनेटवर शुक्रवार नसतो आणि सहा वर्षांपूर्वीची फीत आजही त्याच जागी असते. आणि पहिल्याच आठवड्यात एखाद्या पटावर कठोर टीका आली तर मला तरी आनंद होईल, मग तो मी संकलित केलेला का असेना.

वर सांगितलेला म्हाताऱ्याचा लघुपट गेल्या महिन्यात इंटरनेटवर आला. लांबी एक मिनिट बावन्न सेकंद; त्याला अकरा महिने लागले. आज सकाळपर्यंत तो ४११ वेळा पाहिला गेला आहे आणि त्याखाली नऊ जणांनी अभिप्राय लिहिले आहेत. त्यांतल्या सात जणांनी मेहनतीचे कौतुक केले आहे, एकाने कॅमेरा कोणता ते विचारले आहे आणि एकाने स्वतःच्या चॅनेलचा पत्ता दिला आहे. म्हातारा ते बटण उचलतो, निरखून पाहतो आणि कोटाला न लावता दिव्याच्या खांबाखाली पुन्हा ठेवून निघून जातो. तो असे का करतो, हे अजून एकानेही विचारलेले नाही.

कळावे.

आपला नम्र,
एक संकलक व नियमित वाचक